दर सोमवारी पाव फेरा

आमच्या स्टोअरमध्ये नवा माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "मॅडम, हे एवढं धूड इथं कशाला ठेवलंय?"

मग मी सांगायची, बाबा रे, हा टर्बाइनचा रोटर आहे, अकरा टनांचा. चालू संचातला रोटर बिघडला तर नवा घडवून यायला अडीच वर्षं लागतात. तोवर अर्ध्या जिल्ह्यानं काय कंदील लावून बसायचं? म्हणून एक आधीच आणून ठेवायचा. कधी लागेल, लागेल की नाही, कुणालाच ठाऊक नसतं. मुख्यालयाच्या यादीत त्याचा प्रकार 'न हलणारा माल'. दर वर्षी कुणी ना कुणी ऑडिटवाला यायचा आणि त्या नावाखाली लाल रेघ मारून, आमचा चहा पिऊन जायचा.

पण न हलणारा म्हणायचा तेवढाच. तो दर सोमवारी हलायचा.

लांब, जड रोटर आडवा ठेवला की स्वतःच्याच वजनानं वर्षानुवर्षांत खाली झुकतो. म्हणून तो रोलरच्या घोड्यांवर ठेवतात आणि दर आठवड्याला पाव फेरा फिरवतात. मग कार्डावर दोन सह्या: एक फिरवणाऱ्या खलाशाची, एक पाहणाऱ्या भांडारपालाची. हे मला शिकवलं उद्धव नन्नावरे यांनी. ते खलाशांचे, म्हणजे जड माल हलवणाऱ्या टोळीचे, मुकादम होते, आणि अख्खं केंद्र त्यांना काकाजी म्हणायचं.

"माणूस एका कुशीवर पडून राहिला तं त्याच्या अंगाले जखमा होते," ते म्हणायचे. "याले पोट येते. कूस बदलावं लागते, बाई."

मी कुंदा वैरागडे. वैनखेडी औष्णिक केंद्राची भांडार अधिकारी. नवरा इथंच बॉयलरवर होता. काविळीनं गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. पदरात चार वर्षांची मुलगी, आणि मला नट कशाला म्हणतात नि वॉशर कशाला, तेही ठाऊक नव्हतं. लोक तोंडावर हसायचे. काकाजी तेवढे हसले नाहीत. जेवायच्या सुट्टीत मला घेऊन रॅकमधून फिरायचे, एकेक वस्तू हातात द्यायचे आणि डोळे मिटून ओळखायला लावायचे. माझी ही नोकरी त्या माणसानं टिकवली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

*

यंदाच्या फेब्रुवारीत मुख्यालयातून देवयानी पुसदकर नावाची एक तरुण इंजिनिअर आली. सोबत दोन पेट्या आणि एक यंत्र. यंत्राचं सरकारी नाव दीड ओळीचं होतं. आमच्या लोकांनी त्याला दुपारपर्यंत 'कूसमापक' करून टाकलं.

"मॅडम, राज्यभरच्या केंद्रांत वीस-वीस वर्षं पडून असलेले सुटे भाग आहेत," देवयानी म्हणाली. "त्यांतले किती वापरण्याजोगे उरलेत हे कुणालाच माहीत नाही. कार्डं आहेत, पण कार्डांवर काय, कुणी काहीही लिहितं."

मी म्हटलं, "हो ना."

तिनं मला समजावून सांगितलं, आणि छान सांगितलं. धातू म्हणजे असंख्य बारीक दाणे. दाण्यांच्या आत अणूंच्या ओळी असतात आणि त्या ओळींमध्ये मुळातच चुका असतात, कुठं एखादी ओळ अर्ध्यावरच संपलेली असते. जड वस्तू आडवी पडून राहिली की वजनाच्या ताणानं या चुका फार हळू खालच्या बाजूला सरकतात. वस्तू फिरवली की खालची बाजू बदलते आणि चुकांची वाटही वळते. म्हणजे प्रत्येक फिरवण्याचा आत एक कोपरा राहून जातो. न्यूट्रॉनचा झोत आरपार सोडला तर तो या कोपऱ्यांवरून विखरून बाहेर येतो. पूर्वी त्यातून नुसती गिचमीड दिसायची. आता यंत्रातलं गणित ती गिचमीड उलट्या क्रमानं सोडवतं, शेवटचं वळण आधी, मग त्याच्या आधीचं. नदीकाठच्या गाळाचे थर मोजावेत तसं.

"म्हणजे लोखंडाला आठवतं?" मी विचारलं.

"आठवतं म्हणजे... लपवता येत नाही एवढंच," ती म्हणाली.

पहिली चाचणी एका पंपाच्या शाफ्टवर झाली. पडद्यावर आलं की हा शाफ्ट नऊ वर्षं एकाच कुशीवर आहे. मध्ये फक्त एकदा, सात वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हलला. स्टोअरचा शिपाई भोजराज ओरडलाच, "अगागा! मंत्री येणार होते तवा चुना मारला होता ना भिंतीले!" सगळे खदाखदा हसले. देवयानीनं टाळी दिली त्याला. मी हसले नाही.

*

कारण तो रोटर एकदा लागला होता.

दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबरात, तीन नंबरच्या संचातला जुना रोटर काढला आणि आमचा बसवला. इंजिनिअरांनी गेज लावून पाहिला, सरळ होता. थंड होता तेव्हा सरळ होता. वाफ सोडली, तापला, आणि तापल्यावर एका बाजूला वाकला. एका कुशीवर पडून राहिलेल्या धातूत आतला ताण एकीकडे साठतो. थंडपणी तो कुणाला दिसत नाही. संच थरथरला, बेअरिंग फुटलं, तेल पेटलं. मजल्यावर एक ऑपरेटर होता, त्यानं तेलाचा व्हॉल्व्ह बंद केला म्हणून बाकीचे वाचले. तो वाचला नाही. प्रफुल्ल नन्नावरे, वय एकतीस. काकाजींचा एकुलता एक मुलगा.

चौकशी समितीपुढे कार्ड मीच हजर केलं. एकवीस वर्षांच्या त्या कार्डांत फक्त एका ठिकाणी कोरी जागा होती. करोनाच्या साली, टाळेबंदीत, चौदा सोमवार. मी तेव्हा माहेरी अमरावतीला अडकले होते. केंद्र चालू होतं, खलाशी कामावर होते, पण चौदाही ओळी कोऱ्या.

समितीच्या अध्यक्षांनी काकाजींना विचारलं, "या चौदा आठवड्यांत रोटर फिरवला होता का?"

काकाजींना निवृत्त होऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. मुलाचं दिवसकार्य नुकतंच आटोपलं होतं. ते खाली मान घालून म्हणाले, "कार्डावर नाही तं नाही, साहेब."

ठपका त्यांच्यावर आला. वर्तमानपत्रात आलं, बापाच्या कामचुकारपणानं मुलाचा जीव घेतला. गावात लोक त्यांना बघून वाट बदलू लागले. आणि त्यांची बायको, सुमनकाकू, त्या दिवसापासून त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. एका घरात राहायचं, दोन वेळा ताट वाढायचं, आणि बोलायचं नाही.

आता माझं सांगते.

काकाजी निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. खलाशांची टोळी मोडली, दोघं दुसऱ्या केंद्रात गेले, कंत्राटी पोरं होती ती कोळशाकडे पळवली. स्टोअरची क्रेन बंद. मी केंद्रप्रमुख साहेबांना तीनदा लिहून दिलं की रोटर फिरवायला माणसं द्या. त्याच सुमारास कार्ड कागदावरून संगणकावर गेलं होतं. सोमवारी पाच वाजेपर्यंत हिरवी खूण केली नाही की मुख्यालयातून लाल पत्र यायचं, आणि ते साहेबांना यायचं. साहेब म्हणाले, "वैरागडे मॅडम, माणसं बघू आपण. तोवर ते हिरवं ठेवा."

पहिल्या सोमवारी मी खूण केली आणि मनाशी म्हटलं, उद्या कुणाला तरी धरून फिरवून घेते. उद्या बॉयलरच्या नळ्यांची घाई आली. दुसऱ्या सोमवारी हात जरा अडखळला. तिसऱ्या सोमवारी अडखळला नाही. मग ते सवयीचं झालं. एकसष्ट सोमवार. दोन्ही सह्यांच्या जागी माझंच नाव, कारण नव्या कार्डात दुसरी सही मागतच नव्हते.

आणि तरी दीड वर्ष मी स्वतःची समजूत घालत आले. म्हणायची, माझे एकसष्ट खरे, पण कुणास ठाऊक, रोटर बिघडला तो आधीच्या चौदांतच बिघडला असेल. समिती मोठी माणसं, त्यांनी म्हटलंय ना? तेच घट्ट धरून मी रात्री झोपत होते.

*

त्या रोटरचा जळका सांगाडा भंगाराच्या आवारात होता. लॉट नंबर सतरा. चौकशी संपली, लिलाव झाला आणि गुरुवारी अकराला ट्रक येणार असं ठरलं. गेटपासवर सही माझी लागणार होती. एकदा भट्टीत गेला की त्याच्या पोटात काय होतं ते पुन्हा कुणाला कळणार नव्हतं.

देवयानी मंगळवारी दुसऱ्या केंद्रात गेली. यंत्र माझ्याकडे ठेवून गेली, "तुम्हाला जमतंय मॅडम, तीनशे चाळीस भाग आहेत, करत राहा."

बुधवारी सकाळी मी भोजराजला हातगाडीवर यंत्र घ्यायला लावलं आणि भंगारात गेले. त्याला म्हटलं, चहा घेऊन ये. फुटलेल्या बेअरिंगकडचं टोक जळून निळं पडलं होतं, तिथं काही मिळणार नव्हतं. पण दुसऱ्या टोकाला तेलाची आग पोचली नव्हती. मी तिथं यंत्र लावलं. खरं सांगते, मला निर्दोष व्हायचं होतं. मला यंत्राच्या तोंडून ऐकायचं होतं की ते चौदा सोमवार होते, माझे नव्हते.

पन्नास मिनिटं लागली. पडद्यावर उजवीकडून डावीकडे रेघा उमटत गेल्या, प्रत्येक रेघ म्हणजे एक फेरा. सर्वात आधी उमटला तो शेवटचा काळ. तिथं रेघ नव्हती. एकसष्ट आठवडे, एकच कूस. त्यानंतर दाट रेघा, दर आठवड्याला एक, वर्षामागून वर्षं, अगदी फणीच्या दातांसारख्या.

मी टाळेबंदीच्या साली जाऊन थांबले.

तिथंही रेघा होत्या. चौदाच्या चौदा.

मी दोनदा मोजल्या, मग बोट लावून तिसऱ्यांदा मोजल्या. त्या म्हाताऱ्यानं एकट्यानं, चेन ब्लॉकची साखळी ओढून, सगळं जग दारं लावून बसलेलं असताना दर सोमवारी येऊन रोटर फिरवला होता. आणि कार्डावर लिहिलं नव्हतं, कारण कार्डाला दोन सह्या लागतात. दुसरी सही करणारी मी अमरावतीला होते. एकट्याची सही नियमात बसत नाही, म्हणून त्यांनी ओळ कोरी ठेवली. मी एकसष्ट सोमवार एकटीनं दोघांच्या खुणा केल्या, आणि या माणसानं केलेलं काम लिहिलं नाही!

भोजराज चहा घेऊन आला तेव्हा मी तिथं एका गंजक्या फ्लँजवर बसून रडत होते. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, धूर गेला काय डोळ्यात?" तिथं कसला आलाय धूर!

*

यंत्रानं छापलेला रेघांचा कागद पर्समध्ये घालून मी दुपारी काकाजींच्या घरी गेले. कबुली द्यायला गेले असं म्हणायला मला आवडेल. पण मनात कुठं तरी हेही होतं की ते म्हणतील, जाऊ दे बाई, झालं ते झालं, ट्रक जाऊ दे. त्यांनी आजवर मला प्रत्येक वेळी सांभाळून घेतलं होतं.

काकाजी ओसरीवर दोरी वळत बसले होते. खूप वाळले होते. सुमनकाकू तांदूळ निवडत होत्या. भिंतीवर प्रफुल्लचा फोटो, हेल्मेट घातलेला.

"काहून आली वो उन्हाची?" काकाजी म्हणाले. "बस ना."

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुंदा, त्याइले सांग, सरकून बसा म्हणा. तुले जागा होईन." काकाजी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. ते सरकले.

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. उभ्याउभ्याच कागद काढला.

"काकू, तुम्हीपण ऐका. त्या चौदा सोमवारी काकाजींनी रोटर फिरवला होता. सगळे चौदा. नवं यंत्र आलंय, त्यात दिसतं. फिरवला नाही तो मी. ते रिटायर झाल्यावर. एकसष्ट आठवडे मी खोट्या खुणा केल्या. प्रफुल्ल माझ्यामुळे गेला."

काकूंच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"गप राय, कुंदा," काकाजी म्हणाले.

"नाही राहणार. तुम्ही समितीपुढे का बोलला नाहीत? फिरवला होता म्हणून का नाही सांगितलं?"

"गप राय म्हणलं ना तुले!"

ते माझ्यावर असे कधीच ओरडले नव्हते. काकू उठल्या. माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता थोबाडीत बसेल, आणि बसायलाच हवी होती. पण त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, त्या रेघांवरून बोट फिरवलं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. डोळे भरून आले होते. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, दीड वर्षात पहिल्यांदाच सरळ बघत होत्या, आणि त्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. त्यांचा माणूस त्यांना परत मिळाला होता.

तेवढ्यावर थांबले असते काकाजी तर!

पण तो माणूस कोरी ओळ कोरी ठेवणारा. बायकोची ती नजर त्यांना सहन झाली नाही.

"तसं नाही ते," ते दोरी बाजूला ठेवत म्हणाले. "रोटर उचलायचा होता त्या दिवशी मले बोलावलं होतं. नवीन पोट्ट्याइले अंदाज नव्हता ना. साखळी बांधायच्या आधी मी त्याले पाव फेरा देऊन पाहिला. सवय आहे हाताले. फेरा दिला की जाग्यावर थांबाले पाहिजे. तो मांगं आला. बोटभर."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे पोट आलं होतं त्याले. वर्षभर तरी कूस बदलली नव्हती. मले तवाच समजलं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मी सांगणार होतो साहेबाले. मंग म्हणलं, सांगितलं तं पहिले कुंदाची नोकरी जाईन. पोरीचं शेवटचं वर्ष होतं हिच्या. म्हणलं, इंजिनिअर लोकं गेज लावते, त्याइले दिसनच. आपून कायले बोला. गेजवर नाही दिसलं. मले काय माईत, प्रफुल्ल त्या पाळीले येईन? त्याची दुपारची पाळी होती. कोणासंग तरी बदलली त्यानं."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तो किका मारत होता.

काकूंनी कागद खाली ठेवला. आणि दीड वर्षानंतर त्या नवऱ्याशी पहिला शब्द बोलल्या.

"तुमाले माईत होतं?"

काकाजींनी होकाराची मान हलवली.

काकू आत गेल्या. आम्ही दोघं तिथंच होतो. जरा वेळानं त्या पिशवी घेऊन बाहेर आल्या, पायात चप्पल घातली, भिंतीवरचा फोटो काढून पिशवीत ठेवला आणि भावाच्या गावाच्या रस्त्याला लागल्या. काकाजी उठले नाहीत. हाक मारली नाही. मी मागं धावले, "काकू, काकू" करत चौकापर्यंत गेले. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. सूप ओसरीवर तसंच पडलं होतं, निवडलेले तांदूळ एका बाजूला.

*

गुरुवारी अकराला ट्रक आला. मी गेटपासवर सही केली नाही. ड्रायव्हरनं शिव्या घातल्या, ठेकेदारानं साहेबांना फोन लावला, साहेब धावत आले. मी त्यांच्या हातात यंत्राचा अहवाल दिला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, हे मला आधी दाखवायचं," ते म्हणाले. मी म्हटलं, आधी दाखवलं होतं सर, तीनदा, लिहून.

चौकशी पुन्हा सुरू झाली. मी निलंबित आहे. वकील म्हणतो, खटला होईल. होऊ दे. मुलगी पुण्याहून फोन करते, रडते, मी तिला म्हणते, तू तुझी नोकरी नीट कर आणि न पाहता कशावर सही करू नको.

परवा माझा जबाब झाला. छापील प्रश्न होते. मी उत्तरं खरी लिहीत गेले. एकसष्ट लिहिले, साहेबांचं 'हिरवं ठेवा' लिहिलं, टाळेबंदीतले चौदा फेरे काकाजींच्या नावावर लिहिले. अकरावा प्रश्न असा होता: रोटर सदोष असल्याची पूर्वकल्पना अन्य कोणास होती काय?

यंत्र एवढं सांगतं की रोटर कधी फिरला. फिरवणाऱ्याच्या हाताला काय कळलं, ते त्याला वाचता येत नाही. ते आता जगात तिघांनाच माहीत आहे. एक जण रिकाम्या घरात बसून दोरी वळतो. एक भावाच्या गावाला आहे आणि कुणाशीच बोलत नाही, असं ऐकते.

देवयानी समोर बसली होती, तज्ज्ञ साक्षीदार म्हणून. "मॅडम, अकरावा राहिलाय," ती म्हणाली.

मी 'नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. हात अडखळला नाही.